उतरतानाचं दूध

तान्ह्या लेकराला विमानाने न्यावं का, हा विषय जालन्यात आता घरोघरी निघतो, म्हणून तुमच्याशी चार गोष्टी बोलाव्या म्हटलं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते. नोकरी मुंबईला, नाही तर हैदराबाद-बंगळूरला. पहिल्या दोन बाळंतपणांना २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच सरलेले असतात, त्यामुळे लेकरू चार-पाच महिन्यांचं होतं न होतं तोच परतीचे वेध लागतात. जावई फोनवर म्हणतात, चिकलठाण्याहून विमानाने येऊ या, तासाभराचा तर प्रश्न आहे. इकडे आजीच्या पोटात गोळा येतो. एवढंसं लेकरू, आभाळात त्याच्या कानाला काही झालं म्हणजे?

आजीची काळजी खोटी नाही. कानाचा त्रास होतो, पण तो विमान उतरताना होतो, आणि त्यावरचा इलाज लेकराच्या आईजवळच असतो. तो नेमक्या वेळेला हाताशी असावा एवढ्यासाठी सगळ्या प्रवासाची आखणी करायची. मला आज मुख्य सांगायचं आहे ते हेच. बाकीच्या गोष्टी त्याच्या आगेमागे येतील.

आधी हिशेब करा, विमान कशाला हवंय याचा. चिकलठाण्याचा विमानतळ आपल्याला सोयीचा आहे यात शंका नाही. बदनापूर, करमाड, शेंद्रा ओलांडलं की छत्रपती संभाजीनगर शहरात शिरायच्या आधीच तो लागतो. जालना शहरातून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण परतूर, मंठा, घनसावंगीकडून निघणाऱ्यांना आधी जालना गाठावं लागतं, तो वेळ वेगळा. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचं, कारण काउंटर साधारण उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. मुंबईला उतरल्यावर सामान येईपर्यंत थांबायचं, मग तिथल्या रस्त्यावरची गर्दी. एका तासाचं विमान म्हणता म्हणता घराच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत सहा तास सहज जातात.

घर कल्याण-ठाण्याला असेल तर माझं स्पष्ट मत आहे, वंदे भारतने जा. ३० डिसेंबर २०२३ ला ती जालन्याहून सुरू झाली, आता नांदेडहून येते. सात तासांच्या आसपास लागतात खरे, पण लेकराला घेऊन डब्यात फिरता येतं, कानाचा प्रश्न नाही, तपासणीच्या रांगा नाहीत आणि गाडी कल्याण-ठाण्यालाच थांबते. हैदराबाद, बंगळूर असेल, किंवा आईला सिझेरियननंतर इतका वेळ ताठ बसवत नसेल, तर विमान खरंच सोयीचं. प्रतिष्ठेसाठी मात्र विमान नको. लेकराला त्यातलं काही कळत नाही.

विमानाचं ठरलं तर पहिला सल्ला रस्त्याचा आहे, आणि तो मी जरा जोर देऊनच सांगते. आपण विमानाला भितो आणि चिकलठाण्यापर्यंतच्या गाडीत लेकराला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसतो. सगळ्या प्रवासात धोक्याची जागा कुठली असेल तर ती ही. गाडीने करकचून ब्रेक मारला तर कुणाचेही हात लेकराला धरून ठेवू शकत नाहीत, आणि समोरची एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा थेट लेकराला बसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास सीटमध्ये बांधणं बंधनकारक आहे. तान्ह्यासाठी मागे तोंड करून बसवायची सीट मिळते, ती मागच्या बाकावर बांधायची. विकत घ्यायची नसेल तर ओळखीत कुणाकडे असते, मागून घ्या. झबल्या-टोपड्यांवर, चांदीच्या वाळ्यांवर आपण हौसेने खर्च करतो, त्यातला थोडा इकडे वळवला तर काही बिघडत नाही.

आता कान. विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्या हवेहून विरळ ठेवलेली असते. विमान खूप उंच असतं तेव्हा आत साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितका दाब असतो. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. त्याच्याही वर गेल्यासारखं समजा. कानाच्या पडद्यामागे एक पोकळी आहे आणि तिथून घशाकडे एक बारीक नळी येते. गिळलं, जांभई दिली की ती नळी उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. वर जाताना आतली हवा आपसूक बाहेर पडते, तेव्हा फारसं काही जाणवत नाही. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि हवा उलट दिशेने आत शिरायची तर नळी उघडावीच लागते. तान्ह्याची नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते, ती मोठ्या माणसासारखी सहज उघडत नाही. आपल्या कानांना दडे बसले की आपण आवंढा गिळतो. लेकराला ते कुणी शिकवलेलं नाही. त्याने गिळावं यासाठी एकच खात्रीचा मार्ग, अंगावर पाजणं. बाटलीचं दूध घेत असेल तर बाटली.

मुंबईला जाताना हे जास्त जाणवतं, त्यालाही कारण आहे. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंचीवर आहे आणि मुंबईची समुद्राकाठी. म्हणजे जाताना दाबाचा पल्ला मोठा, येताना थोडा लहान. जाताना जपायला हवं तितकं येताना लागत नाही, पण नियम तोच.

चूक होते ती वेळेची. खुर्चीत बसल्या बसल्या लेकरू कुरकुरलं की आई घाबरून पाजायला घेते. विमान अजून जागचं हललेलं नसतं. धावपट्टीवर रांग असते, वीस-पंचवीस मिनिटं तिथेच जातात. लेकरू पोटभर पितं, झोपतं, आणि उतरायच्या वेळी त्याला दूध नको असतं. तोंड फिरवतं, कान ओढतं, किंचाळतं. म्हणून घरून निघताना पाजण्याचं वेळापत्रक उलटं, शेवटाकडून मांडा. उतरण्याची वेळ धरा आणि तिथून मागे मोजत या. तुमचं लेकरू दोन-अडीच तासांनी पीत असेल तर विमानतळावर पोहोचल्या पोहोचल्या एकदा पोटभर पाजून घ्या. उड्डाणाच्या वेळी रडलंच तर थोडं चोखू द्या, पोट भरू देऊ नका. चोखणी घेत असेल तर वर जाताना चोखणी, खाली येताना दूध.

उतरणं सुरू झालं हे ओळखायचं कसं? साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी इंजिनाचा आवाज मवाळ होतो. नाक किंचित खाली झुकल्यासारखं वाटतं. कर्मचारी कागदी कप गोळा करायला येतात, पट्टे बांधायची सूचना होते. आणि सर्वांत खरी खूण तुमच्याच कानात असते. तुम्हाला दडे बसल्यासारखं वाटलं की लेकराला छातीशी घ्या. मुंबईवर विमानाला कधी कधी घिरट्या घालाव्या लागतात, तेव्हा घाई करू नका. एक बाजू पाजून थांबा, ढेकर काढा, मग दुसरी बाजू. डोकं जरा उंच धरा, आडवं ठेवून पाजू नका.

असं एकदा शेजारच्या ओळीत मी जवळून पाहिलं आहे. आई खिडकीशी, बाबा मधल्या खुर्चीवर. आईने ओढणी खांद्यावरून घेतलेली, लेकराचे पाय बाबाच्या मांडीवर. विमान खाली झुकलं तसं लेकराने चोखणं सोडलं, कपाळाला आठ्या पडल्या, ओठ थरथरले. आईने हनुवटीखाली बोटाने हळूच चोळलं. दोन घोट गिळल्याचा आवाज झाला, आठी गेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चाकं जमिनीला लागेपर्यंत ती बाई बोटाने हनुवटी चोळत होती आणि बाबा तिच्या पाठीमागे हात धरून बसला होता, तिचा दंड अवघडू नये म्हणून. कुणाला काही कळलंही नाही.

लेकरू शांत झोपलेलं असेल तर मुद्दाम उठवू नका. चुळबुळ सुरू झाली की लगेच जवळ घ्या. आणि दूध नाकारून रडलंच तर रडू द्या, कवेत घेऊन. रडतानाही लेकरू गिळतं, तोंड उघडतं, नळी मोकळी होते. रडणं इथे त्याच्या कामाचं आहे.

आजी कानात कापसाचे बोळे घालून देतात, वरून टोपडं घट्ट बांधतात. माया कळते, पण दाबावर त्याचा काही उपयोग नाही. हवा घशाकडून यायची असते, बाहेरून नव्हे. शिवाय बारीक बोळा लेकराच्या हाताला लागला तर तोंडात जाण्याची भीती. टोपडं थंडीपुरतं असू द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो आणि विमानात गार, म्हणून एक जाड कुंची घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन थर आणि वर दुपटं. काढता-घालता आलं पाहिजे. उन्हाळ्यात सकाळचंच विमान घ्या. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि विमानाला गचके बसतात.

आता जरा कठोर बोलते. लेकरू झोपून जावं म्हणून सर्दीचं औषध देऊ नका. "दोन थेंबांनी काय होतंय" असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. ऐकू नका. गुंगी आणणाऱ्या औषधाने तान्ह्याचा श्वास मंदावू शकतो, आणि काही लेकरं त्याने झोपायच्या ऐवजी बेचैन होतात. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापायला देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया लेकरांना अफूची गोळी देऊन निजवत. त्यांना पाळी गाठायची असे, लेकराला बघायला घरी कुणी नसे, दुसरा इलाज नव्हता. तुमच्यापुढे तशी वेळ नाही. इथे भीती असते ती शेजारच्या प्रवाशांच्या नजरांची, आणि त्या नजरांपायी लेकराला औषध पाजायचं नाही, एवढं पक्कं ठरवा.

लेकराला सर्दीने नाक चोंदलेलं असेल, ताप असेल, कानातून पाणी येत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय निघू नका. ते थांबा म्हणाले तर तिकीट बुडू द्या. पैसे पुन्हा मिळवता येतात. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेलं लेकरू असेल तर आधीच विचारा. विमान कंपन्या अगदी काही दिवसांच्या लेकरालाही नेतात, पण नेतात म्हणून न्यावं असं नाही. पहिले दोन-तीन महिने टळले तर बरंच. लसीचंही बघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी असतात आणि त्यानंतर एक-दोन दिवस अंग गरम राहू शकतं. सुई आज आणि विमान उद्या, असं करू नका.

कागदांचं थोडक्यात. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत लेकरू मांडीवर जातं, पण तिकीट काढतानाच त्याची नोंद करायची आणि वयाचा पुरावा सोबत ठेवायचा. जन्माचा दाखला असला की काम भागतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि ती जिथे जन्म झाला तिथे होते. म्हणजे बाळंतपण जालना शहरात झालं असेल तर महानगरपालिकेत, गावात झालं असेल तर ग्रामपंचायतीत. सासरच्या गावी हा दाखला मिळत नाही, म्हणून माहेर सोडायच्या आधीच हातात घ्या. बारसं व्हायच्या आधी काढलेल्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते. तसा असेल तर तिकिटावर नाव कसं लिहायचं ते विमान कंपनीला फोन करून आधी विचारा, काउंटरवर हुज्जत नको. जुळी असतील तर दोन मोठी माणसं लागतात, आणि खुर्च्या बहुधा वेगळ्या बाजूंना मिळतात, कारण एका ओळीच्या एका बाजूला जादा ऑक्सिजनचा मुखवटा साधारणपणे एकच असतो.

सामानाच्या बाबतीत आजी-आजोबांची समजूत घालावी लागेल. डिंकाचे लाडू, अळीव, मोसंबी, तूप, शिवाय लेकराची वाकळ. देशातल्या प्रवासात बहुतेक ठिकाणी सामानात १५ किलो आणि हातात ७ किलो, एवढीच मुभा. बाळंतविड्यातलं खारीक-खोबरं मात्र तपासून बांधा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेतं, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत आणि पेटी उघडून काढायला लावतात. आजीला सांगा, खोबरं किसून लाडवांतच घाला. लेकराच्या पिशवीत लंगोट किंवा डायपर, दोन झबली, एक दुपटं, ओल्या कपड्यांसाठी पिशवी, आणि आईसाठी एक जादा कुर्ता. हा कुर्ता सगळ्या जणी विसरतात. सहा महिन्यांखालच्या लेकराला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पावडरचं दूध असेल तर पावडर आणि उकळून थर्मासमध्ये भरलेलं पाणी वेगवेगळं न्या, विमानात कालवा.

तपासणीच्या ठिकाणी बहुतेक आयांची धांदल उडते. झोळी किंवा पट्ट्यांचा बेबी कॅरियर उतरवून यंत्रातून सोडावा लागतो, लेकरू हातात घ्यावं लागतं. बायकांची तपासणी पडद्याआड वेगळी होते, पुरुषांची वेगळ्या रांगेत. म्हणून आधीच ठरवा, लेकरू कुणाकडे आणि सामान कुणाकडे. माझं म्हणणं, लेकरू बाबाकडे द्या. आई मोकळ्या हातांनी पलीकडे जाऊ दे, चप्पल-बांगड्या सावरू दे, मग तिने लेकरू घ्यावं. बाबांनो, हे काम तुमचं आहे, "मदत" म्हणून करायचं नाही. सिझेरियन झालेल्या बाईने वरच्या कप्प्यात पेटी चढवायची नाही, तेही तुमचंच. आणि चहाचा कप लेकराच्या डोक्यावरून घेऊ नका. उतरेपर्यंत चहा नको.

विमानात कर्मचारी लेकरासाठी छोटा पट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात ओवायचा. दिला नाही तर मागून घ्या. एकच पट्टा दोघांच्या पोटावरून बांधायचा नाही, गचका बसला तर आईचं सगळं वजन लेकरावर येतं. लेकराचं डोकं चालायच्या वाटेकडे ठेवू नका, तिथून गाडा जातो.

या सगळ्यात आईचं काय चाललं आहे ते कुणी विचारत नाही. ती माहेर सोडून निघालेली असते. चार-पाच महिने तिची आई पाठीशी होती, आता तिकडे गेल्यावर ती आणि लेकरू. गाडी भरून माणसं सोडायला येतात आणि विमानतळाच्या दारातच थांबतात, कारण तिकिटाशिवाय आत जाता येत नाही. त्या दारात घाईघाईने जी रडारड होते तिने आईचा जीव गलबलतो आणि लेकराला ते लगेच समजतं. निरोप घरीच घ्या, निवांत. ओटी भरा, लेकराला सगळ्यांच्या मांडीवर फिरवा, रडायचं तेवढं रडा. चिकलठाण्यापर्यंत एक-दोन माणसं पुरेत. आणि आईने सकाळी पोटभर खाल्लं का ते बघा. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे पायात रक्त गोठण्याचा धोका जास्त असतो. त्या काळात निघावंच लागलं तर डॉक्टरांना विचारून निघा. नंतरही पाणी भरपूर प्या, विमानतळावर बसून न राहता चालत राहा.

शेजारचा प्रवासी कपाळाला आठ्या घालेल कदाचित. त्याची माफी मागत बसू नका. लेकराची नोंद तिकिटावर आहे, त्याला तिथे असण्याचा त्या प्रवाशाइतकाच हक्क आहे. बहुतेक वेळा तर अनुभव उलटाच येतो. पुढच्या खुर्चीवरची आजी मागे वळून हात पुढे करते, "द्या जरा माझ्याकडे." द्यायचं की नाही ते तुमच्या मनावर, पण तेवढ्याने जीवाला बरं वाटतं.

उतरल्यावर सगळे उभे राहून दाटी करतात, तुम्ही बसून राहा. गर्दी ओसरली की निघा. पुढे दोन दिवस लेकरू कान ओढत राहिलं, दूध पिताना मध्येच सोडून रडलं, ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना कान दाखवा. आणि माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. त्याच कार्डावर पुढची लस देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते. पुढची तारीख कार्डावर लिहिलेली असेल, ती निघायच्या आधी फोनमध्ये टाकून ठेवा.